जुन्या अमेरिकन चित्रांवरून नाटक उभं करताना काय उचलायचं आणि काय सोडायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: 1850 च्या सुमाराचं मिझुरी राज्यातलं नदीकाठचं एक छोटं गाव, निवडणुकीचा दिवस, त्यावर प्रायोगिक नाटक करतोय. त्या काळचे फोटो फारसे मिळत नाहीत, पेंटिंग्ज मात्र ढीगभर मिळतात. मग कपडे, भांडी, हत्यारं, घराचा आतला भाग हे सगळं पेंटिंग्जवरून जसंच्या तसं उचललं तर चालेल का? चित्र म्हणजे त्या काळचा फोटोच ना?

उचला, पण जसंच्या तसं नको. चित्र कुणी काढलं, कुणाला विकायला काढलं आणि तुम्ही त्याच्या कुठल्या कोपऱ्याकडे बघताय ह्यावर सगळं अवलंबून आहे, म्हणून जरा पसरूनच सांगते. मी पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या संग्रहात कागदावरच्या चित्रांची नोंदणी करते, बावीस वर्षं झाली, म्हणजे रोजचं काम हेच की समोर आलेलं स्केच किंवा वॉटरकलर कुठल्या सालचं, कुठलं, आणि त्यात दिसतंय ते खरंच तसं होतं का हे ठरवायचं.

आधी एकच चित्र नीट बघू. विन्स्लो होमरचं ‘द व्हेटरन इन अ न्यू फील्ड’, 1865 चं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. यादवी युद्ध नुकतं संपलंय, एक सैनिक घरी परत आलाय आणि गहू कापतोय, आपल्याकडे पाठ करून, त्याचा लष्करी कोट आणि पाण्याची बाटली खाली उजव्या कोपऱ्यात टाकलेली. आता त्याच्या हातातलं अवजार बघा. लांब दांडा आणि त्याला एकच मोठं वाकडं पातं. आपल्याकडे गहू उकिडवं बसून विळ्यानं कापतात, तिकडे उभ्यानं, दोन्ही हातांनी झोका देत कापायचे. पण त्या काळी गव्हाला नुसतं पातं वापरत नव्हते, पात्याच्या वर लाकडी बोटांची एक चौकट बसवलेली असायची, तिला क्रेडल म्हणायचे, म्हणजे कापलेली ताटं त्या बोटांवर अलगद येऊन पडायची आणि झोक्याच्या शेवटी एका बाजूला ओळीनं टाकता यायची, पेंढ्या बांधायला सोपं. होमरला हे माहीत होतं आणि त्यानं आधी क्रेडलच काढलं होतं! नंतर त्यानं ती लाकडी बोटं रंगानं झाकून टाकली आणि फक्त पातं ठेवलं, कारण उघड्या पात्याचं ते अवजार पाश्चात्य चित्रांमध्ये मृत्यूच्या हातात असतं, आणि नुकत्याच लाखो माणसं मारून संपलेल्या युद्धातून आलेला सैनिक ते चालवतोय हे त्याला दाखवायचं होतं. पण तैलरंग वर्षानुवर्षांत थोडा पारदर्शक होत जातो, त्यामुळे झाकलेल्या बोटांच्या पुसट रेषा आता नीट बघितल्या तर दिसतात.

म्हणजे चित्र कॉपी केलंत तर तुमच्या नटाच्या हातात चुकीचं अवजार येईल, आणि बरोबर अवजार त्याच चित्रात रंगाखाली दडलेलं आहे. नवीन मुलांना शिकवताना मी पहिल्या दिवशी हेच चित्र मोठं करून दाखवते.

आता तुमच्या मिझुरीकडे येऊ, कारण तुम्हाला लागणारा माणूस एकच आहे, जॉर्ज केलेब बिंगहॅम. 1811 चा जन्म, लहानपणीच मिझुरीत आला, तिथेच वाढला, चित्रकार आणि वर राजकारणीसुद्धा. त्याचं ‘द जॉली फ्लॅटबोटमेन’ तुम्ही नक्की पाहिलं असणार, 1846 चं, आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. शांत नदी, सपाट बोट, मधे एक जण हात वर करून नाचतोय, एक फिडल वाजवतोय, एक तव्यावर ताल धरतोय, बाकीचे आडवेतिडवे पसरलेत. सुंदर चित्र आहे, मला आजही आवडतं. पण त्यात काम कोण करतंय? कोणीच नाही. वल्ही नुसती पडून आहेत. फ्लॅटबोटीचं खरं आयुष्य काय होतं तर माल लादायचा, प्रवाहाबरोबर खाली जायचं, वाटेत वाळूत रुतलं तर ढकलायचं, न्यू ऑर्लिन्सला पोचलं की माल विकायचा आणि बोटसुद्धा मोडून तिची लाकडं विकायची कारण ती उलट्या प्रवाहात वर येतच नसे, माणसं परत यायची दुसऱ्या वाटेनं. ह्यातलं काहीही चित्रात नाही, कारण ते चित्र नदीवरच्या माणसांसाठी काढलेलंच नाही.

ते काढलं न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकासाठी. तिथे अमेरिकन आर्ट युनियन नावाची संस्था होती, वर्षाला 5 डॉलर भरून मेंबर व्हायचं, मेंबरांना कोरीव छापाची प्रत मिळायची आणि वर्षाच्या शेवटी खऱ्या पेंटिंग्जची सोडत निघायची, लॉटरीच म्हणा ना (पुढे लॉटरीच्या कायद्यात अडकूनच ती बंद पडली). तर ह्या संस्थेनं बिंगहॅमचं हे चित्र विकत घेतलं, त्याचे छाप काढून हजारो मेंबरांना पाठवले आणि ते देशभरच्या दिवाणखान्यांत भिंतीवर लागले. ऑफिसात हिशेब करणाऱ्या माणसाला पश्चिमेकडचं मोकळं, निर्धास्त जगणं बघायचं होतं, घामाघूम हमाल बघायचे नव्हते. चित्रात काम का दिसत नाही ह्याचं उत्तर नदीवर शोधू नका, गिऱ्हाइकाच्या घरात शोधा.

ह्याच संस्थेनं नावं बदलायचंही काम केलं आणि हा मुद्दा फार लोकांच्या लक्षात येत नाही. बिंगहॅमचं 1845 चं दुसरं चित्र, होडीत एक म्हातारा व्यापारी आणि एक पोरगा, पुढच्या टोकाला बांधलेलं अस्वलाचं पिल्लू. आज त्याचं नाव ‘फर ट्रेडर्स डिसेंडिंग द मिझुरी’. बिंगहॅमनं दिलेल्या नावात मात्र सरळ म्हटलं होतं की हा फ्रेंच व्यापारी आणि हा त्याचा मिश्र रक्ताचा मुलगा, म्हणजे मुलाची आई मूळनिवासी. नदीच्या त्या व्यापारात असे संसार सर्रास होते, धंदाच त्या नात्यांवर चालायचा. संस्थेनं नाव बदललं आणि बापलेक नुसते ‘व्यापारी’ झाले, एक अख्खं कुटुंब शीर्षकातून पुसलं गेलं.

तसंच ईस्टमन जॉन्सनचं. 1859 चं चित्र, मोडकळीला आलेल्या घराच्या मागच्या अंगणात गुलामगिरीतली कृष्णवर्णीय माणसं बसलीत, एक जण बँजो वाजवतोय, उजवीकडून कुंपणाच्या फटीतून शेजारची गोरी मुलगी डोकावत आत येतेय. जॉन्सननं नाव दिलं होतं ‘निग्रो लाइफ ॲट द साउथ’, पण लोक त्याला ‘ओल्ड केंटकी होम’ म्हणायला लागले आणि मग सगळ्यांच्या डोक्यात ते दक्षिणेतल्या मळ्याचं चित्र झालं. प्रत्यक्षात ते देशाच्या राजधानीतलं, वॉशिंग्टनमधल्या एफ स्ट्रीटवरच्या जॉन्सनच्या वडिलांच्या घराजवळचं परसदार आहे. गुलामगिरी वॉशिंग्टन शहरात, व्हाइट हाउसपासून चालत जाण्याच्या अंतरावर 1862 पर्यंत चालू होती, आणि हे सांगणारं चित्र नुसत्या टोपणनावामुळे शेकडो मैल लांब केंटकीत ढकललं गेलं. त्यामुळे म्युझियमच्या पाटीवरचं नाव वाचून सीन ठरवू नका, आधी चित्राचं मूळ नाव काय होतं ते शोधा.

तैलचित्र विकायला काढतात पण स्केच स्वतःसाठी काढतात, म्हणून मला स्केचेस जास्त जवळची वाटतात आणि तुम्हीही जमेल तितकं तिकडेच वळा. बिंगहॅमनं चित्रांच्या आधी एकेका माणसाची वेगळी ड्रॉइंग्ज केली होती, पेन्सिलीवर ब्रशनं शाई फिरवून, आणि त्यातली शंभरावर आजही मिझुरी राज्यातच जपून ठेवलीयत. ती बघितली की कळतं की गर्दीचं चित्र म्हणजे एका दिवशी एका चौकात दिसलेली गर्दी नाही, सुट्या सुट्या माणसांची जुळणी आहे, आणि म्हणूनच तुमच्या वेशभूषेला ती ड्रॉइंग्ज पेंटिंगपेक्षा जास्त उपयोगी पडतील. टोपी कशी चेपलीय, बसल्यावर कोट कुठे दुमडतो, पँट बुटावर कशी पडते, हे सगळं तिथे एकेका माणसावर नीट मिळतं, तैलचित्रातल्या त्या सोनेरी उजेडाशिवाय.

आता माझ्या सगळ्यात लाडक्या माणसाबद्दल. लुईस मिलर. हा पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावचा सुतार, 1796 चा जन्म, जर्मन घराण्यातला, सुमारे तीस वर्षं घरबांधणीची सुतारकी केली आणि आयुष्यभर वह्यांमध्ये गावाची चित्रं काढत राहिला. एका पानावर चार-पाच छोटे प्रसंग दाटीवाटीनं बसवलेले, प्रत्येकाच्या भोवती बारीक अक्षरात मजकूर, कधी इंग्रजी कधी जर्मन, कोण माणूस, काय धंदा, काय झालं. कला म्हणून बघाल तर हात कच्चा आहे, माणसं बाहुल्यांसारखी, घरं जरा तिरकी. पण गावातले खाटीक, शिक्षक, कारागीर, आग लागल्यावर बादल्या घेऊन धावणारे लोक, चर्चमधली बसायची व्यवस्था, हे कुठल्याही शिकलेल्या चित्रकारानं इतकं घराघरात शिरून काढलेलं नाही. आणि स्वतः सुतार असल्यामुळे लाकूडकामाच्या बाबतीत मी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवते, रंधा हातात कसा बसतो ते त्याच्या हाताला माहीत होतं.

पण मिलरमध्येही एक गोष्ट सांभाळायची असते. जुन्या लुथरन चर्चच्या आतलं त्याचं एक प्रसिद्ध चित्र आहे, त्यावर 1800 साल लिहिलंय. 1800 साली मिलर चार वर्षांचा होता! म्हणजे ते साल प्रसंगाचं आहे, चित्र काढल्याचं नाही, त्यानं ते पुढे मोठेपणी आठवून काढलं, थोडं स्वतःचं आणि थोडं घरच्यांकडून ऐकलेलं. त्यामुळे तिथले कपडे कदाचित त्याच्या तरुणपणातले असतील, 1800 चे नसतील. माझा नियम असा आहे की आठवणीतून काढलेल्या चित्रात जागा आणि वास्तू जास्त बरोबर असते, कपडे कमी बरोबर असतात. तुम्ही तुमच्या शाळेचा वर्ग आत्ता काढून बघा, फळा कुठे, खिडकी कुठे हे अचूक येईल, पण बाईंची साडी कुठली होती ते नाही सांगता येणार.

ह्याच मिलरनं व्हर्जिनियात प्रवास करताना पाहिलेलं एक दृश्य काढलंय जे बघितलं की मी अजूनही काही वेळ काम बाजूला ठेवते. स्टॉन्टन गावाजवळ गुलामांचा तांडा टेनेसीकडे विकायला नेतायत, बायका, पुरुष, पोरं पायी चाललीत आणि घोड्यावर व्यापारी. चित्राभोवती मिलरनं ते लोक गात होते त्या गाण्याचे शब्द लिहून ठेवलेत, व्हर्जिनियाला आता परत येणं नाही असं ते गाणं. 1850 च्या आसपास ही अशी माणसांची वाहतूक भर रस्त्यावरून, दिवसाढवळ्या व्हायची, शेकडो लोकांनी बघितली असणार, पण विकायच्या चित्रांमध्ये ती जवळपास येतच नाही कारण ती दिवाणखान्यात कोण लावणार? एका सुताराच्या वहीत मात्र ती आली.

साल चुकण्यावरून माझी एक चूक सांगते. कामाला लागून दोनच वर्षं झाली होती, आमच्याकडे एक छोटं तैलचित्र आलं, स्वयंपाकघर, मोठी चूल, चुलीशेजारी चरखा, पांढरी टोपी घातलेली आजी सूत काततेय. देणाऱ्या कुटुंबानं सांगितलं हे 1790 च्या आसपासचं, आमच्या पणजीच्या आईचं, आणि मीही चरखा बघून तसंच नोंदवलं. वर्षभरानं चौकट दुरुस्तीला काढली तेव्हा कॅनव्हासच्या मागच्या बाजूला रंगसामान विकणाऱ्या दुकानाचा शिक्का निघाला, त्यावर पत्ता होता. आपल्याकडे जशा पूर्वी टेलिफोन डिरेक्टरी असायच्या तशा तिकडे एकोणिसाव्या शतकात शहरांच्या डिरेक्टरी छापायचे, दरवर्षी, नाव, धंदा, पत्ता. त्यात शोधलं तर ते दुकान त्या पत्त्यावर 1880 नंतर आलेलं. म्हणजे चित्र जवळजवळ शंभर वर्षं नंतरचं. 1876 ला फिलाडेल्फियात देशाच्या शंभरीचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथे जुन्या न्यू इंग्लंडचं स्वयंपाकघर मांडून दाखवलं होतं, चूल, चरखे, जुने कपडे घातलेल्या बायका, आणि त्या काळात जुन्या दिवसांचं असं वेड पसरलं की माळ्यावरचे चरखे खाली दिवाणखान्यात आले आणि चित्रकारांनी आजी-चूल-चरखा अशी चित्रं भरपूर काढली. त्या दिवसापासून चित्राची मागची बाजू बघितल्याशिवाय मी पुढच्या बाजूबद्दल एक ओळ लिहीत नाही. तुम्ही इंटरनेटवर बघणार, तिथे मागची बाजू दिसत नाही, म्हणून निदान एवढं करा की चित्रात जो काळ दाखवलाय आणि चित्र ज्या साली काढलंय त्यात किती अंतर आहे ते प्रत्येक वेळी तपासा, अंतर वीस वर्षांच्या वर असेल तर भांडी आणि कपडे त्यातून घेऊ नका.

मोठ्या म्युझियमच्या नोंदीही बदलतात हे लक्षात असू द्या. 1811 ते 1813 मधे पावेल स्विन्यिन नावाचा रशियन मुत्सद्दी फिलाडेल्फियात होता, त्याच्या अमेरिकेच्या वॉटरकलर्सचा गठ्ठा मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे आणि खूप वर्षं सगळे ती चित्रं त्याचीच समजत होते. रात्री थिएटरबाहेर गाडीवर कालवं विकणारा कृष्णवर्णीय माणूस, असलं एकेक सुरेख दृश्य. नंतर अभ्यासकांच्या लक्षात आलं की ह्यातल्या काही चित्रांमागचा हात जॉन लुईस क्रिमेलचा दिसतो, हा जर्मनीतून येऊन फिलाडेल्फियात राहिलेला चित्रकार, ज्याच्या स्केचबुक्स डेलावेअरच्या विंटरथर म्युझियममध्ये आहेत. कुणाचं चित्र ह्यानं काय फरक पडतो म्हणाल तर खूप पडतो, पाहुणा बघतो ते नवल म्हणून बघतो आणि रोज त्याच रस्त्यानं जाणारा वेगळं बघतो.

कपड्यांबद्दल अजून एक, पोर्ट्रेट्सच्या नादी लागू नका. वसाहतीच्या काळात बॉस्टनला जॉन सिंगलटन कॉप्ली म्हणून जबरदस्त पोर्ट्रेट काढणारा होता, त्याच्या 1763 च्या सुमाराच्या तीन वेगवेगळ्या बायकांच्या पोर्ट्रेट्समध्ये तोच निळा झगा आहे. तिघींकडे सारखाच झगा होता असं धरलं तर आपण फसलो, तो झगा चित्राचा भाग होता, कपाटाचा नव्हे. शिवाय इंग्लंडहून आलेले छाप समोर ठेवून तो पोज आणि पोशाख उचलायचा हेही माहीत आहे. त्याच कॉप्लीचं पॉल रिव्हियरचं पोर्ट्रेट मात्र वेगळं, 1768 चं, चांदीकाम करणारा कारागीर शर्टाच्या बाह्यांत बसलाय, हातात चहाची किटली, समोर कोरायच्या सळया आणि चामड्याची गादी. कारागिराला त्याच्या हत्यारांसकट दाखवणारी पोर्ट्रेट्स त्या काळी फार थोडी.

आता विल्यम सिडनी माउंट, तुमच्या काळाच्या अगदी जवळचा, लाँग आयलंडवर राहून शेतकरी, कोठारं, फिडल वाजवणारे ह्यांची चित्रं काढली. ‘द पॉवर ऑफ म्युझिक’, 1847, क्लीव्हलंडला आहे. कोठाराच्या आत गोरी माणसं, एक जण फिडल वाजवतोय, आणि दाराच्या बाहेर, फळीला टेकून, टोपी हातात धरून एक कृष्णवर्णीय माणूस ऐकतोय, शेजारी त्याची कुऱ्हाड आणि सुरई ठेवलीय. आतल्यांना तो दिसत नाही, आपल्याला दिसतो. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी 1827 ला संपली होती, म्हणजे हा माणूस स्वतंत्र मजूर, कामाच्या मधे थांबलेला, पण दाराच्या आत येत नाहीये. त्या काळच्या गावातलं कोण कुठे उभं राहायचं, कोण कुठे बसायचं हे एका दाराच्या फळीनं सांगितलंय, आणि नाटकवाल्या माणसाला ह्याच्याहून काय हवं? हालचाली ठरवताना हे चित्र समोर ठेवा.

त्याचंच ‘ईल स्पिअरिंग ॲट सेटॉकेट’, 1845. आरशासारखं पाणी, होडीत एक गोरा पोरगा, कुत्रा आणि पुढे उभी राहून भाला रोखलेली एक कृष्णवर्णीय बाई. माउंटनं पुढे एका पत्रात लिहिलंय की लहानपणी त्याला भाल्यानं मासे मारायला हेक्टर नावाच्या म्हाताऱ्या कृष्णवर्णीय माणसानं शिकवलं होतं. म्हणजे आठवणीत पुरुष, चित्रात बाई. आणि मागे लांबवर दिसणारी जमीन ज्यानं चित्र काढायला सांगितलं त्या कुटुंबाची. भाला कसा धरायचा, होडीत पाय कुठे रोवायचे हे मी खरं मानते, कारण ते माउंटनं स्वतः केलेलं काम होतं. होडीत कोण होतं हे त्याच्या मनाचं.

घराच्या आतल्या भागासाठी लिली मार्टिन स्पेन्सर बघा. 1850 च्या दशकात चित्रं विकून घर चालवणारी बाई, तेरा बाळंतपणं, त्यातली सात मुलं जगली, घरातलेच लोक मॉडेल म्हणून उभे करायची. 1856 च्या एका चित्रात स्वयंपाकघरात फळं सोलायला मांडलेली आहेत आणि एक तरुणी हातात काकवीचा चमचा धरून बघणाऱ्याला दटावतेय. फळं, भांडी, चमचा धरायची पद्धत, खोलीतून मागची खोली कशी दिसते, हे घ्या. झग्याची चकचकीत इस्त्री घेऊ नका, सोलताना रस उडतो.

थोडं विषय सोडून, पण मराठी माणसांना सांगायलाच हवं असं. फिलाडेल्फियाच्या थॉमस ईकिन्सची दोन ऑपरेशनची चित्रं आहेत, ‘द ग्रॉस क्लिनिक’ 1875 चं आणि ‘द ॲग्न्यू क्लिनिक’ 1889 चं. पहिल्यात सर्जन काळ्या कोटात, रोजच्या कपड्यांत, रक्ताळलेल्या हातात नस्तर. 1876 च्या त्या प्रदर्शनात हे चित्र कलादालनात घेतलं नाही, लष्करी दवाखान्याच्या मांडणीत लावलं. दुसऱ्यात सगळे पांढऱ्या झग्यांत, शेजारी नर्स. हातमोजे अजून दोन्हीत नाहीत. चौदा वर्षांत जंतूंबद्दलची समजूत बदलली ती कपड्यांच्या रंगात दिसते. आणि ह्या दोन चित्रांच्या बरोब्बर मधे, 1883 ला, आनंदीबाई जोशी त्याच शहरात डॉक्टरकी शिकायला पोचल्या आणि 1886 ला पदवी घेतली. त्यांनी शिकलेली शस्त्रक्रिया काळ्या कोटाकडून पांढऱ्या झग्याकडे चाललेली होती. त्यांच्यावर लिहिणाऱ्या माणसानं ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघावीत असं मला फार वाटतं.

मूळनिवासी लोकांचं जगणं तुमच्या नाटकात येणार असेल तर फक्त गोऱ्यांनी काढलेल्या चित्रांवर राहू नका. कार्ल बोडमेर ह्या स्विस चित्रकारानं 1833-34 च्या हिवाळ्यात मिझुरी नदीच्या वरच्या भागात मँडन लोकांमध्ये राहून काढलेलं मातीच्या घराच्या आतलं दृश्य अप्रतिम आहे, खांब, शेकोटी, माणसं, कुत्री, घोडेसुद्धा आत, आणि 1837 च्या देवीच्या साथीत ते लोक जवळजवळ संपलेच, म्हणून त्या चित्राची किंमत करता येत नाही. पण त्यांनी स्वतः काढलेलंही आहे. 1875 ते 1878 मैदानी टोळ्यांमधल्या बहात्तर माणसांना फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं, तिथे शायन, कायोवा कैद्यांनी हिशेबाच्या वह्यांवर आणि चित्रवह्यांवर पेन्सिलींनी शिकार, तळ, नाच, लग्नाची बोलणी असं सोडून आलेलं सगळं जगणं काढलं. त्यातही बरीच चित्रं किल्ला बघायला येणाऱ्यांना विकली गेली, म्हणजे गिऱ्हाईक इथेही आहेच, पण घोड्यावर खोगीर कसं, तंबूवर नक्षी कुठली, कुणाच्या अंगावर काय, ह्यात त्यांचा हात चुकत नाही.

भांड्यांसाठी आणि लाकडी सामानासाठी सरळ नॅशनल गॅलरीच्या साइटवर जाऊन ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ शोधा. 1935 ते 1942 मधे मंदीच्या काळात सरकारनं बेकार चित्रकारांना काम म्हणून जुन्या वस्तूंची वॉटरकलर्स काढायला लावली, 18 हजारांच्या वर आहेत, बादल्या, रजया, बूट, कुलपं, खेळणी, इतकी बारकाईनं की लाकडाच्या रेषा मोजता येतात. स्टेजवरच्या वस्तू जमवणाऱ्यासाठी खजिना आहे. त्यातही निवड आहे, देखणं आणि हातानं घडवलेलं तेवढंच घेतलं, साधं फुटकं-तुटकं नाही, आणि मूळनिवासींच्या वस्तू ठरवून बाहेर ठेवल्या. म्हणून जोडीला त्या भागातल्या मृत्यूनंतरच्या मालमत्तेच्या याद्या वाचा, कोर्टात जमा व्हायच्या, माणूस गेला की शेजारी घरात फिरून एकेक वस्तू आणि किंमत लिहायचे, ‘एक तडा गेलेली कढई’ असं सुद्धा. चित्रात सतरंजी दिसते आणि त्या गावच्या दहा याद्यांमध्ये एकही सतरंजी नाही, तर स्टेजवर सतरंजी घालू नका. चित्रं मोठी करून बघायला पैसे पडत नाहीत, मेट्रोपॉलिटन म्युझियमनं 2017 पासून आणि स्मिथसोनियननं 2020 पासून लाखो फोटो मोफत खुले केलेत, पूर्ण झूम करा आणि कडेपासून मधे या, मधून कडेला नको.

राहिला तुमचा निवडणुकीचा सीन. तुम्ही लिहिलंय की स्टेजच्या मधोमध मतपेटी ठेवणार. ती काढा. मिझुरीत तेव्हा गुप्त मतदान नव्हतं, तोंडी होतं. बिंगहॅमचं ‘द काउंटी इलेक्शन’, 1852 चं, सेंट लुईसला आहे, ते उघडा. कचेरीच्या पायऱ्यांवर लाल शर्टातला माणूस बायबलवर हात ठेवून शपथ घेतोय आणि सगळ्या गावासमोर, मोठ्यानं आपलं मत सांगणार आहे, कारकून वहीत लिहितायत, मागेच उमेदवार टोपी काढून मतदारांच्या विनवण्या करतोय, खाली पायरीशी पोरं चाकू जमिनीत रोवायचा खेळ खेळतायत, एक जण डोक्याला फडकं बांधून बाकावर कोसळलाय. ह्या चित्रावर मी जास्त भरवसा ठेवते कारण बिंगहॅम स्वतः 1846 ला विधानसभेला उभा राहिला होता, अगदी थोड्या मतांनी निवडून आला आणि निकालाला आव्हान दिल्यावर जागा गेली, मग 1848 ला जिंकला. त्याला ह्या पायऱ्या चांगल्या माहीत होत्या.

आणि त्याच चित्रात डावीकडे बघा, खुर्चीत रेललेल्या जाड्या माणसाच्या पेल्यात दारू ओतणारा कृष्णवर्णीय माणूस आहे. 1850 च्या जनगणनेत मिझुरीत 87 हजारांच्या वर माणसं गुलाम म्हणून नोंदली गेलीत. अख्ख्या गर्दीत बाई एकही नाही आणि कृष्णवर्णीय हा एकच, मत नसलेला, आणि सगळ्यांची मतं त्याला ऐकू येतायत. तुम्ही पाठवलेल्या पात्रांच्या यादीत तो नाहीये. त्याच्यासाठी एक नट घ्या, संवाद नसला तरी चालेल, पण पहिल्या मतापासून शेवटच्या मतापर्यंत तो तिथेच, हातात सुरई घेऊन उभा पाहिजे.